चढ कुणासाठी बांधला? पुणे, महाबळेश्वर, महाड आणि वरंध

किल्ल्यांवर आपण पुष्कळ बोललो. आज बोलायचंय ते किल्ल्यांपर्यंत नेणाऱ्या घाटांबद्दल.

निमित्त सायकलचं आहे. २६ जानेवारीला लागून शनिवार-रविवार आले आणि आम्ही चौघं पुण्याहून एक मोठी गोल फेरी मारून आलो. कात्रज, खंबाटकी, वाई, पसरणी घाट चढून पाचगणी, महाबळेश्वर. दुसऱ्या दिवशी आंबेनळी घाटाने उतरत प्रतापगड, पोलादपूर, महाड. तिसऱ्या दिवशी वरंध घाट चढून भोर आणि परत पुणे. सगळं मिळून सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. पुण्यातल्या सायकलवाल्यांना हा रस्ता नवा नाही, त्यामुळे किती वेळात केला, कुठला गिअर टाकला वगैरे मी सांगत बसणार नाही. मला त्या तीन दिवसांत एकच प्रश्न चावत होता, तो तुमच्यापुढे ठेवतो: हा चढ बांधला कुणासाठी?

म्हणजे बघा, घाट हा काही निसर्गाने दिलेला रस्ता नाही. डोंगर निसर्गाचा, पण त्याच्यावर रस्ता किती खडा ठेवायचा हे माणूस ठरवतो, आणि तो कुणाला वर न्यायचंय ते बघून ठरवतो. पायी माणूस आणि पाठीवर गोणी लादलेला बैल जवळजवळ सरळ धारेवरून चढू शकतात. कोकणातलं मीठ देशावर गेलं आणि देशावरचं धान्य कोकणात उतरलं ते शतकानुशतकं असंच, तांड्यांच्या बैलांच्या पाठीवरून. भरलेली बैलगाडी मात्र अशी चढत नाही. तिला साधारण वीसास एक असा चढ लागतो, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. त्याहून खडा रस्ता केला तर बैल मान टाकतात.

आता पसरणीचा हिशेब करू. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या थोडं वर, पाचगणी तेराशेच्या जरा खाली. मधला रस्ता बारा किलोमीटरच्या आसपास. भागाकार केला तर वीसास एकच्या अगदी जवळ येतं उत्तर. आपण डोंगर चढत असतो, पण प्रत्यक्षात आपल्या मांड्यांना कळत असते ती एका बैलजोडीची ताकद. आणि सायकलवाल्याचं नशीब असं की त्याची ताकदही साधारण तेवढीच असते. मोटारीतून घाट म्हणजे नुसती वळणं. सायकलवर प्रत्येक टप्प्याला कळतं की इथे इंजिनिअरने बैलाचा विचार केलाय, की इथे कुणी कसलाच विचार केलेला नाही.

पहिल्या दिवसाचा पूर्वार्ध पटकन संपवतो. कात्रजचा तलाव मागे पडला. नानासाहेब पेशव्यांच्या काळात याच तलावाचं पाणी नळांनी शनिवारवाड्यापर्यंत नेलं होतं. शिरवळला नीरा ओलांडली. पुढे खंडाळा लागलं. हे लोणावळ्याशेजारचं खंडाळा नव्हे, साताऱ्यातलं, तालुक्याचं गाव. हायवेवरून जाताना बहुतेकांचं लक्षही जात नाही, पण हे नाव जरा लक्षात ठेवा, संध्याकाळी ते पुन्हा येणार आहे. मग खंबाटकी. पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी वाहनं जुन्या घाटाने चढतात, त्यामुळे ट्रकच्या रांगेशेजारी, धुरात, पण वाहनं एकाच दिशेची असल्याने तसं निर्धास्त चढता येतं. उतरून सुरूर फाट्याला उजवीकडे वळलं की हायवेचा आवाज एकदम बंद होतो आणि ऊस सुरू होतो.

वाईत ढोल्या गणपती सगळेच बघतात. गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेलं देऊळ, मागची भिंत माशाच्या आकाराची, कृष्णेच्या पुराचं पाणी फाकावं म्हणून. माझा आग्रह मात्र असा की तिथून तीन किलोमीटर मेणवलीला जा. नाना फडणविसांचा वाडा, त्यामागे कृष्णेचा घाट, आणि घाटावर एका छोट्या देवळीत टांगलेली भलीमोठी घंटा. तिच्यावर मेरी आणि बाळ येशूची आकृती आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांना वाटल्या. ही त्यातलीच एक. फोटो काढून लोक निघून जातात. पण ही घंटा समुद्राकाठच्या वसईहून इथे आली कशी, हा प्रश्न कुणाला पडत नाही. मध्ये सह्याद्री आहे. गाड्यांसाठी बांधलेला बोरघाटातला रस्ता १८३० साली खुला झाला, म्हणजे वसईच्या मोहिमेनंतर नव्वद वर्षांनी. तेव्हा ही धातूची रास माणसांनी आणि जनावरांनी, दोर लावून, घाम गाळून वर आणली असणार. ‘आणल्या आणि वाटल्या’ या तीन शब्दांत किती जणांचे खांदे आहेत ते मोजायला बखरकार थांबत नाहीत.

याच वाईत १६५९ मध्ये अफझलखान तळ देऊन होता. वाई त्याला परकी नव्हती, आधी तो इथला सुभेदार होता. घोडदळाला चारा, पाणी, सपाट मैदान, सगळं इथे होतं. शिवाजी महाराजांनी वाईला येऊन भेटावं ही त्याची इच्छा, आणि ती सरळ बुद्धीची होती. पण महाराजांचे वकील पंताजी गोपीनाथ यांनी त्याला पटवलं की राजा घाबरलाय, तो काही खाली येत नाही, खानसाहेबांनीच जावळीत यावं. आपण शाळेपासून हा प्रसंग वाघनखांपासून सुरू करतो. माझ्या मते तो तिथे जवळजवळ संपलेला असतो. खानाने वाई सोडून डोंगर चढायला सुरुवात केली, तिथेच बाजी फिरली होती.

पसरणी गावातून घाट सुरू होतो. शाहीर साबळे इथलेच, १९२३ चा जन्म. आज महाराष्ट्राचं राज्यगीत म्हणून जे गायलं जातं ते घराघरांत पोचलं त्यांच्या आवाजातून. आणि याच घाटात ३० नोव्हेंबर १९५७ ला संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लोकांनी काळे झेंडे दाखवले होते. पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला निघाले होते. मुंबईसह महाराष्ट्र देत नाही आणि पुतळ्याला हार घालता, असा लोकांचा राग. तिकडे पोलादपूरच्या अंगालाही तशीच निदर्शनं झाली. म्हणजे गडाकडे जाणारे दोन्ही घाट त्या दिवशी लोकांनी धरले होते. तीनशे वर्षांनंतरही नाकेबंदीच्या जागा त्याच.

पाचगणीबद्दल थोडक्यात. जॉन चेसन नावाच्या इंग्रजाने १८६० च्या दशकात हे ठिकाण वसवलं, सिल्व्हर ओक लावले, पुढे शाळा आल्या. चहा छान मिळाला. पुढे जाऊ.

महाबळेश्वर गाठेपर्यंत संध्याकाळ झाली आणि अंगात काही उरलं नव्हतं. इथे ते सकाळचं खंडाळा परत येतं. सर जॉन माल्कम १८२७ ते १८३० मुंबईचा गव्हर्नर होता. त्याला थंड हवेचं ठिकाण हवं होतं, आणि ही जागा होती साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांची. १८२९ मध्ये अदलाबदल झाली: महाबळेश्वरचा भाग कंपनीला आणि त्याच्या मोबदल्यात वाईकडचं खंडाळा गाव महाराजांना. बाजारपेठेला माल्कमपेठ नाव पडलं. कृष्णेचं उगमस्थान, जुन्या महाबळेश्वराचं क्षेत्र, जिथे १६६५ मध्ये शिवाजी महाराजांनी जिजाऊंची सुवर्णतुला केली, त्याच्या शेजारची ही डोंगरमाथ्याची जमीन, आणि बदल्यात हायवेकडेचं एक गाव. दहाच वर्षांत, १८३९ मध्ये, इंग्रजांनी प्रतापसिंहांना गादीवरून काढून काशीला पाठवलं. तो सौदा आठवला की मला नेहमी वाटतं, मोबदला हा शब्द तिथे जरा सैल वापरलाय.

गव्हर्नरसाहेब उन्हाळ्यात इथे येणार म्हटल्यावर रस्ते हवेत. ते करायला हात हवेत. १८३० च्या दशकात इथे एक तुरुंग बांधला गेला, आणि त्यात कोण होते? चिनी आणि मलायी कैदी. सिंगापूर-पेनांगकडून काळ्या पाण्याची शिक्षा देऊन इकडे आणलेले. आपल्या लोकांना अंदमान, आणि त्यांच्या लोकांना महाबळेश्वर! रस्त्यांचं काम त्यांनी केलं, बटाटे आणि भाज्या पिकवल्या, वेताच्या टोपल्या-खुर्च्या विणल्या. १८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाला. ज्या माणसांनी या टेकडीवर शेतीबागायत रुजवली त्यांची नावं बाजारातल्या एकाही पाटीवर नाहीत. सगळ्या पॉइंटांची नावं साहेबांची आणि मडमांची: लॉडविक, आर्थर, एल्फिन्स्टन, केट.

दुसरा दिवस उतरणीचा. आंबेनळी घाट. उतरण म्हटली की ऐकणाऱ्याला वाटतं मजा, पण ब्रेक धरून धरून पंजे आखडतात आणि तासाभराने हात मांडीपेक्षा जास्त दुखायला लागतात. या घाटाला इंग्रजांनी फिट्झगेराल्ड घाट असं नाव दिलं, मुंबईच्या गव्हर्नरावरून. १८७० च्या दशकात तो गाड्यांसाठी तयार झाला. त्याच्या आधी महाबळेश्वरहून कोकणात उतरायचं तर वाट होती रडतोंडीची. नाव मराठीच आहे: चढताना तोंड रडवेलं होतं ती रडतोंडी. इंग्रजांच्या कानाने ते ‘रोटंडा’ असं ऐकलं आणि तसंच पुस्तकांत छापलं. रोटंडा म्हणजे त्यांच्याकडे घुमटाची गोल इमारत. इथे ना घुमट ना इमारत, नुसती घसरगुंडी. मुंबईचे साहेबलोक गलबतातून महाडच्या बाजूला उतरायचे आणि इथून पालखीत बसून वर यायचे. तोंड अर्थातच भोयांचं रडवेलं व्हायचं.

अफझलखान उतरला तो याच रडतोंडीने. खाली कोयनेकाठी पार गाव, तिथे त्याचा तळ पडला. आम्ही वाडा कुंभरोशीला थांबलो आणि सायकली एका हॉटेलाच्या ओसरीला लावून पारकडे गेलो. तिथे कोयनेवर जुना दगडी पूल आहे, शिवकालीन म्हणून ओळखला जातो, अजून उभा आहे. पुलावरून मागे वळून महाबळेश्वरच्या कड्याकडे बघा. मग सभासद बखरीतली लुटीची यादी आठवा: हत्ती, घोडे, उंट, तोफा. मैदानावर जे सैन्याचं बळ असतं ते सगळं या कड्यावरून एकामागे एक, एकेरी ओळीत, खाली उतरवलं होतं. उंट इथे काय करणार? हत्ती वळवायचा कुठे? आणि पळायची वेळ आली तर वर चढून जायची वाट तीच, जिच्यावर नुसत्या पायानेसुद्धा दम लागतो.

जावळी महाराजांनी १६५६ मध्ये चंद्रराव मोऱ्यांकडून घेतली. लगेच भोरप्याच्या डोंगरावर मोरोपंत पिंगळ्यांकडून प्रतापगड बांधून घेतला. गडाची जागा बघितली की कळतं, तो पार घाटावर डोळा ठेवून बसलाय. महाड बंदरातून वर येणारा माल आणि वाईच्या बाजारातून खाली जाणारा माल, दोन्ही त्याच्या नजरेखालून जाणार. खान येण्याच्या तीन वर्षं आधी हे झालंय. १० नोव्हेंबर १६५९ ला भेट झाली, खान पडला, गडावरून तोफेची इशारत झाली, आणि रानात दबून बसलेले मावळे पारच्या तळावर तुटून पडले. वाघनख्या की बिचवा, चिलखत कुठलं, यावर आपल्याकडे तासन्तास वाद होतात. माझं मत विचाराल तर त्या दिवसाचं सर्वांत मोठं हत्यार होतं ती चढण. चाक आणि खूर जिथे निरुपयोगी होतात अशा जागी शत्रूला बोलावून आणणं, हे डावपेच ज्याला सुचले त्याने हे घाट स्वतःच्या पायांनी मोजले होते.

प्रतापगडावर जायचा डांबरी फाटा हा त्या वाटेवरचा सर्वांत खवीस चढ. वीसास एक वगैरे इथे विसरा. आमच्यातले दोघं उतरून सायकल ढकलत आले, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, गडाची रचनाच तशी आहे.

पोलादपूरला कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवभारत लिहिणारे. जवळच उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी, पण तो चढ संध्याकाळी अंगावर घेण्याची कुणाची तयारी नव्हती. महाडच्या अलीकडे सावित्रीवरचा नवा पूल ओलांडताना मात्र आम्ही सगळे न ठरवता गप्प झालो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याच्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या आणि त्यातली माणसं. नवा पूल वर्षभरात झाला. चाकांना आता तिथे काही जाणवत नाही.

महाड. इथे मला जरा जास्त वेळ बोलायचंय.

तीन दिवसांत आम्ही किती ठिकाणी बाटल्या भरल्या असतील? हॉटेलात, देवळाच्या नळावर, एका शेतातल्या मोटारीच्या पाइपाला, एका घराच्या पडवीत माठातून. कुणी विचारलं नाही की तुम्ही कोण, कुणाचे. घामाने निथळणारा माणूस पाणी मागतो आणि समोरचा देतो. हे किती साहजिक वाटतं! आणि मग तुम्ही चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर येता.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला होता. महाड नगरपालिकेनेही आपलं तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. कागदावर सगळं झालं होतं. प्रत्यक्षात तळ्यावर जायची कुणाची छाती नव्हती. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली. रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून लोक जमवले होते. २० तारखेला डॉ. आंबेडकर आणि हजारो लोक रांगेने तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर, हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठवून परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. आणि पुढे तळं शेण, गोमूत्र ओतून ‘शुद्ध’ केलं गेलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबरमध्ये बाबासाहेब पुन्हा आले. या वेळी मुंबईहून बोटीने दासगाव बंदरात उतरून मंडळी महाडपर्यंतचे सुमारे पाच मैल पायी चालली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्यावर जायला मात्र कोर्टाची मनाई आली होती. हायकोर्टाचा निकाल लोकांच्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं. दहा वर्षं, एका ओंजळीसाठी.

दासगावचं नाव आलंच आहे तर आणखी एक सांगतो. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर, लष्करातून निवृत्त झालेले, एकोणिसाव्या शतकात अस्पृश्यतेविरुद्ध लिहिणारे. १८९५ मध्ये त्यांची महाडच्या लोकल बोर्डावर नेमणूक झाली तेव्हा बाकीच्या सभासदांनी त्यांच्यासोबत बसायला विरोध केला. लोकल बोर्डाचं काम काय असायचं? रस्ते, विहिरी, तळी. म्हणजे चाकाचा रस्ता घाट उतरून महाडपर्यंत आला होता, मीठ आणि कापड वर जात होतं, साहेबाची गाडी वर जात होती. पण त्या रस्त्याच्या टोकाशी असलेल्या पाण्यावर कुणी वाकायचं, याचा चढ कुणी कमी केला नव्हता.

तळ्यावर आता बाबासाहेबांचा पुतळा आहे. आम्ही गेलो तेव्हा शाळेची एक सहल आली होती. एक मुलगा गुरुजींना विचारत होता, पाणी गोड आहे का, कारण नाव चवदार आहे. गुरुजी म्हणाले, घरी जाऊन पुस्तक वाच.

तिसऱ्या दिवशी वरंध. महाडहून बिरवाडी, मग डोंगर समोर येतो. डावीकडे शिवथरच्या घळीचा फाटा लागतो, समर्थ रामदासांनी दासबोध जिथे सांगितला अशी परंपरा आहे ती. हा घाट मला सगळ्यांत आवडला, कारण इथे रहदारी कमी आणि माकडं जास्त. समुद्रसपाटीच्या जवळून सुरुवात करून एकदम सह्याद्रीच्या माथ्यावर, म्हणजे मध्ये उसंत नाही. वर वाघजाईचं देऊळ, शेजारी भजी आणि चहाच्या टपऱ्या. कांदाभजीची पहिली थाळी आली तशी संपली, दुसरी यायच्या आत तिसरी सांगितली. टपरीमागे जो डोंगर दिसतो तो कावळ्या किल्ला, आणि रस्ता त्याच्याच अंगातून कापून काढलाय. जो किल्ला वाट राखायला बांधला, त्याच्या पोटातूनच पुढे गाडीवाट गेली.

वाघजाईवरून पुढे नीरा देवघरच्या पाण्याकडेने भोरपर्यंत रस्ता नकाशात सपाट दिसतो. तो सपाट नाही. छोटे छोटे चढउतार संपतच नाहीत, आणि दुकानं तुरळक, त्यामुळे जाणाऱ्यांनी पाणी वाघजाईलाच भरून घ्यावं. भोरला पंतसचिवांचा राजवाडा बाहेरून बघितला आणि कापूरव्होळला हायवेला लागलो.

ज्यांना एवढं सायकलवर जमणार नाही त्यांनी निदान एक करा. महाबळेश्वरला कधी गेलात तर पॉइंट बघण्यातली एक सकाळ वाचवा आणि पार गावापर्यंत जा. गावातल्या कुणालाही रडतोंडीची जुनी वाट विचारा आणि थोडी चढून बघा. पायात चांगले बूट घाला. सोबत पाणी घ्या, आणि उंट वगैरे असतील तर वाईलाच ठेवा.

पुढचा भाग दासगाव बंदरावर.